बी.एड. नंतर पहिली नोकरी कशी मिळवावी?

प्रश्न: गणित घेऊन बी.एस्सी. आणि नुकतेच बी.एड. झालेली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू इच्छिते. तरी कोणत्या परीक्षा द्याव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर उत्तीर्ण व्हा, निवड मात्र 200 गुणांच्या शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतील गुणांवरून पवित्र पोर्टलमार्फत (शिक्षक भरतीचे सरकारी संकेतस्थळ) होते. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल आहे.

उत्तर २: ताई, पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून दरमहा 16,000 रुपये मानधनावर काढावी लागतात, याची घरी आधीच कल्पना द्या. नोकरी लागेपर्यंत जवळच्या शाळेत तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन) शिकवा. अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर समजावताना मुले नेमकी कोठे अडतात, ते वर्गातच कळते.

उत्तर ३: नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या संस्थेच्या वाटेला मुळीच जाऊ नका.