शालेय बास्केटबॉल कोणाचे? अमेरिकेतील निवासी अकादमी आणि खेळाडूंची पळवापळवी

धागाकर्ता : हडसनकाठ

जर्सी सिटीतील नेवार्क अव्हेन्यूवर भारतीय किराणा आणि मिठाईसाठी आपण सारे जातो, पण त्याच रस्त्यावरच्या व्हाइट ईगल हॉल या जुन्या सभागृहात, जिथे एरवी बिंगोचे डाव चालत, सेंट अँथनी हायस्कूलचा बास्केटबॉल संघ सराव करत असे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. या शाळेला स्वतःची जिम नव्हती. प्रशिक्षक बॉब हर्ली प्रोबेशन ऑफिसरची नोकरी सांभाळून मुलांना शिकवत आणि त्यांच्या कारकिर्दीत शाळेने राज्याची २८ विजेतेपदे मिळवली. २०१० साली बास्केटबॉलमधील थोरांचा गौरव करणाऱ्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, जो मान शालेय प्रशिक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो. आर्थिक चणचण आणि घटती पटसंख्या यांपुढे टिकाव न लागल्याने २०१७ च्या जूनमध्ये शाळा बंद झाली.

तिथून फार दूर नसलेल्या एलिझाबेथमधील सेंट पॅट्रिक हायस्कूलची कथा अधिक बोलकी आहे. पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला कायरी अर्व्हिंग तेथे प्रशिक्षक केव्हिन बॉइल यांच्या हाताखाली खेळला. २०११ मध्ये बॉइल फ्लोरिडातील माँटव्हर्ड या निवासी अकादमीत गेले आणि पुढच्याच वर्षी कॅथलिक धर्मप्रांताने सेंट पॅट्रिक शाळा बंद केली. शाळेशी संबंधित मंडळींनी द पॅट्रिक स्कूल या नावाने ती स्वतंत्रपणे पुन्हा उभी केली, ही त्यांची जिद्द. माँटव्हर्डमुळे शाळा बंद पडली असे मी म्हणत नाही, कारण शाळेच्या अडचणी जुन्या होत्या. परंतु प्रशिक्षक, खेळाडू, बुटांच्या कंपन्यांचा पैसा आणि दूरचित्रवाणीचे लक्ष कोणत्या दिशेने वाहते आहे, हे त्यातून पुरेसे दिसते.

या अकादमींची पद्धत अशी की चौदा-पंधरा वर्षांचे गुणी खेळाडू देशभरातून व परदेशातून शिष्यवृत्ती देऊन आणायचे, वसतिगृहात ठेवायचे आणि राज्याच्या स्पर्धेच्या भानगडीत न पडता वर्षभर विमानाने फिरून आपल्यासारख्याच दहा-बारा संघांशी खेळायचे. हंगामाच्या शेवटी ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर दिसणारी राष्ट्रीय स्पर्धा असते, जी २००९ पासून चालू आहे. पूर्वी व्हर्जिनियातील डोंगराळ माउथ ऑफ विल्सन येथील ओक हिल अकादमीसारखी एखाददुसरीच संस्था असे करत असे. कार्मेलो अँथनी आणि केव्हिन ड्युरंट यांच्यासारखे पुढचे एनबीए तारे तिथे खेळले, तरी ती अपवादच मानली जाई. आता तो प्रघात झाला आहे, आणि धंदाही. फ्लोरिडातील आयएमजी अकादमी २०२३ मध्ये एका गुंतवणूक कंपनीला सव्वाशे कोटी डॉलरला विकली गेली.

यात तोटा मला सर्वांत जास्त कोणाचा वाटतो, तर मागे राहिलेल्या मुलांचा. मेन राज्यातील न्यूपोर्ट या लहानशा गावातल्या नोकोमिस हायस्कूलने २०२२ मध्ये मुलांच्या बास्केटबॉलमधील आपले पहिले राज्य विजेतेपद मिळवले, तेव्हा कूपर फ्लॅग नववीत होता आणि त्याचा जुळा भाऊ त्याच संघात होता. पुढच्या हंगामात दोघेही माँटव्हर्डमध्ये होते. आपल्या वर्गातला एक मुलगा देशातला सर्वोत्तम आहे आणि रोज सरावात त्याला अडवायचे आहे, यातून बाकीच्या दहा-अकरा मुलांना जे शिकायला मिळते, ते कोणत्याही शिबिरात मिळत नाही. असामान्य आणि सामान्य खेळाडू एकाच मैदानावर वाढणे हेच शालेय खेळाचे मोल होते आणि अकादमींनी नेमके तेच मोडले आहे, असे माझे ठाम मत आहे. सदस्यांनी आपली मते मांडावीत.

प्रतिसाद : ऑर्लँडोनिवासी

पूर्णपणे असहमत. आपण ज्या कूपर फ्लॅगचे उदाहरण दिले, त्याच्या बाजूने एकदा विचार करून पाहावा. माँटव्हर्डच्या २०२३-२४ च्या संघाने ३३ पैकी ३३ सामने जिंकले, पण विजयांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रोजचा सराव. त्या संघातील फ्लॅग, डेरिक क्वीन, एसा न्यूएल आणि लिअम मॅकनीली हे चौघेही २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, पहिल्या फेरीत निवडले गेले आणि फ्लॅग तर अगदी पहिला. गावातल्या शाळेत त्याला एकाच वेळी तिघांनी घेरले असते आणि त्यातून तो फक्त तिघांना चुकवायला शिकला असता. आपल्या तोडीच्या मुलांमध्ये चेंडू कधी सोडायचा, बचावात कोणाच्या मदतीला धावायचे, आपल्यावाचूनही संघ जिंकू शकतो हे कसे स्वीकारायचे, हे शिकायला तशीच मुले समोर लागतात. इतर दहा जणांच्या प्रगतीसाठी एका मुलाने आपली प्रगती थांबवावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. गणितात किंवा गायनात असामान्य असलेल्या मुलाला आपण गावातच राहा असे सांगत नाही.

दुसरे असे की जुन्या काळाचे चित्र आपण फार उजळ रंगवले आहे. सेंट अँथनी आणि सेंट पॅट्रिक या काही गल्लीतल्या सरकारी शाळा नव्हत्या. तिथेही मुले खेळासाठी लांबून येत. खुद्द कायरी अर्व्हिंग दोन वर्षे मॉन्टक्लेअर किंबर्ली अकादमीत खेळून मग सेंट पॅट्रिकमध्ये आला होता. लेब्रॉन जेम्स आणि त्याच्या मित्रांनी अ‍ॅक्रनमधील बक्टेल ही कृष्णवर्णीय वस्तीची सरकारी शाळा सोडून सेंट व्हिन्सेंट–सेंट मेरी ही कॅथलिक शाळा निवडली, तेव्हा गावात किती नाराजी झाली होती! म्हणजे भरती तेव्हाही होती. फक्त तिचा पल्ला एका शहराइतका होता, तो आता जगाइतका झाला आहे.

आणि जगाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. पंजाबमधील बल्लो के गावच्या सतनाम सिंग भामराने कोणत्या गावच्या शाळेत खेळायला हवे होते? २०१० मध्ये त्याला आयएमजी अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या एनबीए संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. कॅमेरूनचा जोएल एम्बीड अमेरिकेत प्रथम माँटव्हर्डमध्येच आला आणि बहामाचा बडी हील्ड कॅन्ससच्या सनराइज ख्रिश्चन अकादमीत. या मुलांसाठी हीच दारे उघडी होती.

प्रतिसाद : इंडियानातील एक शिक्षिका

मी धागाकर्त्यांशी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे. ज्या राज्यात मी शिकवते, तिथे १९५४ सालच्या माइलन हायस्कूलची आठवण अजून काढली जाते. जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या त्या शाळेने मन्सी सेंट्रलला ३२–३० असे हरवून राज्य जिंकले, आणि तेव्हा लहान-मोठ्या सर्व शाळांची एकच स्पर्धा असे. १९९७ नंतर पटसंख्येनुसार गट पडले. तो काळ परत येणार नाही आणि मी त्यासाठी झुरतही नाही.

मला काळजी आहे ती शिक्षणाची. नेवाडातील हेंडरसन येथे २००६ मध्ये फिंडले प्रेप सुरू झाली. तिथे एका बास्केटबॉल संघापलीकडे जवळजवळ काही नव्हते. ही मुले दुसऱ्याच एका खासगी शाळेच्या वर्गात बसत. ट्रिस्टन थॉम्पसन आणि अँथनी बेनेट यांच्यासारखे खेळाडू तिने दिले, हे खरे. पण २०१९ मध्ये ती बंद झाली. डॅलसमधील प्राइम प्रेप अकादमी, जिच्या संस्थापकांत अमेरिकन फुटबॉलपटू डिऑन सँडर्स होते, २०१२ मध्ये निघाली आणि २०१५ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन शैक्षणिक वर्षात, बंद पडली. वर्षाच्या मध्यावर शाळा शोधत फिरणे म्हणजे काय, हे नव्या शाळेत जानेवारीत दाखल होणाऱ्या मुलाची गुणपत्रिका ज्याने जुळवून पाहिली आहे त्यालाच कळेल : एका ठिकाणी बीजगणित निम्मे झालेले, दुसऱ्या ठिकाणी तो विषय आधीच संपलेला, आणि प्रयोगशाळेच्या तासांची नोंद कुठेच नाही. त्याआधी २००६ मध्ये फिलाडेल्फियातील एका तथाकथित शाळेसह अनेक ठिकाणी केवळ प्रमाणपत्रे वाटली जात असल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले, तेव्हा कुठे एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने शाळांची तपासणी सुरू केली.

माँटव्हर्ड किंवा आयएमजी या तशा संस्था नाहीत, तिथे खरेखुरे वर्ग भरतात, हे मी आधीच सांगते. पण त्यांच्या यशाकडे पाहून जे उभे राहतात, त्यांच्यावर देखरेख कोणाची? राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचे सदस्यत्व नको म्हटले की वयाची अट, हजेरी, उत्तीर्ण विषयांची अट, सगळ्यांतून सुटका होते. ऑर्लँडोनिवासी ज्या दारांविषयी लिहितात, त्यांतली काही दारे कोऱ्या भिंतीत उघडतात आणि आत गेलेल्या मुलांची नावे ड्राफ्टच्या यादीत येत नसल्याने आपल्याला ती कधी कळत नाहीत.

प्रतिसाद : ह्यूस्टनचा पालक

दोन्ही बाजू अकादमींवरच अडल्या आहेत. माझा मुलगा इथल्या सरकारी शाळेच्या संघात खेळतो, त्यामुळे हा विषय आमच्या घरी रोजचा आहे. माझ्या मते मूळ बदल वरच्या पायरीवर झाला आहे. महाविद्यालय बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावे नोंदवणारे ट्रान्सफर पोर्टल २०१८ मध्ये आले, २०२१ मध्ये एकदा महाविद्यालय बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्याला कितीही वेळा बदलता येते. २०२१ च्या १ जुलैपासून खेळाडूला आपले नाव आणि छबी वापरू देऊन पैसे मिळवता येतात आणि आता २०२५ पासून महाविद्यालये थेट पैसे देऊ लागली आहेत. अशा वेळी बावीस वर्षांचा, तीन हंगाम खेळलेला तयार खेळाडू बाजारात उपलब्ध असताना प्रशिक्षक अठरा वर्षांच्या नवख्याला जागा का देईल? देशात पाच लाखांहून अधिक मुलगे शालेय बास्केटबॉल खेळतात आणि वरच्या श्रेणीतली महाविद्यालये साडेतीनशेच्या आसपास आहेत. त्या आकुंचन पावलेल्या जागांत आपला मुलगा दिसावा म्हणून पालक त्याचा आठवीचा वर्ग पुन्हा करवतात (म्हणजे तो बरोबरीच्या मुलांपेक्षा वर्षभराने मोठा असतो), तीन-तीन शाळा बदलतात. ए. जे. दिबान्सा हा नावाजलेला खेळाडू मॅसॅच्युसेट्समधील सेंट सेबॅस्टियन्समधून तेव्हा कॅलिफोर्नियात असलेल्या प्रोलिफिक प्रेपमध्ये आणि तिथून युटा प्रेपमध्ये गेला. त्याला दोष देण्यासारखे मला काही दिसत नाही. बॉइल सरांना फ्लोरिडात जाताना कोणी अडवले नाही, तर मुलालाच गावाशी का बांधून ठेवायचे?

मला तर अटलांटातील ओव्हरटाइम एलिट या किशोरवयीन खेळाडूंच्या लीगचा मार्ग अधिक सरळ वाटतो. २०२१ मध्ये त्यांनी खेळाडूंना वर्षाला किमान एक लाख डॉलर देऊ केले आणि जे आहे ते उघडपणे सांगितले. आमेन आणि ऑसार थॉम्पसन हे जुळे भाऊ तिथून २०२३ मध्ये चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर निवडले गेले.

हडसनकाठ (धागाकर्ता) :

ह्यूस्टनच्या पालकांचा पोर्टलचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याने माझी बाजू कमकुवत होण्याऐवजी बळकटच होते. वरच्या जागा कमी होत असतील, तर शालेय खेळ हा बहुसंख्य मुलांसाठी शेवटचा संघ ठरतो. मग तो संघ चांगला असणे अधिकच आवश्यक आहे. बॉइल यांच्या तुलनेविषयी एवढेच म्हणेन की प्रशिक्षक गेला तर दुसरा नेमता येतो; पण नववीतल्या मुलांच्या मागे लागून त्यांच्या घरी बोलणी करणारी माणसे ही प्रौढ आहेत आणि निर्णयाचा भार मुलावर पडतो. माझी मागणी मुलांना बांधून ठेवण्याची नाही. नववी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही अकादमीने खेळाडूशी संपर्क करू नये, पुन्हा केलेल्या वर्षासह वयाची एकच अट सर्वांना लागू असावी आणि या संघांची क्रमवारी सरकारी शाळांपासून वेगळी लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे. साउथ कॅरोलिनातील सम्टर येथील क्रेस्टवुड हायस्कूलचा जा मोरँट कोणत्याही अकादमीत न जाता २०१९ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा आला, हेही विसरू नये.

प्रतिसाद : ऑर्लँडोनिवासी

मोरँटचे उदाहरण आपण घेतलेत ते बरे झाले. मरे स्टेट विद्यापीठाचे सहप्रशिक्षक एका शिबिरात दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेले होते, खायला काहीतरी घ्यायला म्हणून उठले आणि मागच्या छोट्या जिममध्ये त्यांना तीन-तीन जणांच्या सामन्यात मोरँट खेळताना दिसला. मोठ्या महाविद्यालयांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. ते प्रशिक्षक त्या दिवशी भुकेले नसते तर काय झाले असते, याचा विचार करताना मला अस्वस्थ वाटते. वयाच्या अटीला माझा पाठिंबा आहे. वेगळ्या क्रमवारीलाही हरकत नाही, कारण माँटव्हर्ड तशीही राज्य स्पर्धेत खेळत नाही. नववीपर्यंतच्या संपर्कबंदीला मात्र माझा विरोध आहे. ती बंदी प्रामाणिक संस्था पाळतील आणि उन्हाळी क्लब संघांचे मध्यस्थ मोडतील, आणि मग मुलाच्या घरी पहिला पोहोचणारा माणूस हाच मध्यस्थ असेल.

प्रतिसाद : इंडियानातील एक शिक्षिका

मध्यस्थांची भीती रास्त आहे, म्हणूनच संपर्कावर बंदी घालण्याऐवजी राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेशावर अट असावी, असे मी सुचवते. राष्ट्रीय स्पर्धेत ज्या संस्थेचा संघ उतरतो, तिने मागील तीन वर्षांत दाखल केलेल्या प्रत्येक खेळाडूचे पुढे काय झाले, म्हणजे त्याने शाळा पूर्ण केली का, कोणत्या वर्गातून सोडली आणि पुढे कुठे प्रवेश घेतला, ही माहिती नावे वगळून जाहीर करावी. ईएसपीएन आणि प्रायोजक यांनी ही अट घातली, तर राज्य संघटनांची वाट पाहावी लागणार नाही. चांगल्या अकादमींना ती जाहीर करणे अवघड जाऊ नये.

प्रतिसाद : ह्यूस्टनचा पालक

या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यात एक भर घालावी : शिष्यवृत्ती वर्षाच्या मध्यात काढून घेता येणार नाही, हे लेखी असावे. गुडघा दुखावलेल्या मुलाचे काय होते, हा प्रश्न आतापर्यंत या चर्चेत कोणीच विचारलेला नाही आणि अकादमीच्या कार्यालयात बसलेल्या पालकाने तो सर्वांत आधी विचारायला हवा.