लाव्हावर पडते ती सुरकुती, वळी की चुणी?

ऐरोलीकर:
भाचीच्या प्रोजेक्टसाठी लाव्हावर मराठीत दोन पानं लिहून द्यायचीयत. गुळगुळीत तो पाहोएहोए, खडबडीत टोकेरी तो आआ, हे हवाईतले शब्द तसेच ठेवले. अडलंय कुठे तर पाहोएहोएवर दोरखंड शेजारी शेजारी ठेवल्यासारखं जे दिसतं त्याला काय म्हणायचं? सुरकुत्या लिहिलं तर भाची म्हणते, मामा, लाव्हा म्हातारा झाला का. आणि हे दोरखंड ज्यामुळे उठतात त्या इन्स्टेबिलिटीला 'अस्थिरता' लिहिलं की मला सरकार पडल्यासारखंच वाटतं.

निऱ्या म्हणू का?

सायसाखर:
निऱ्या नको, त्या आपण हाताने घालतो. चुण्या म्हणा, त्या आपोआप पडतात. सुरकुती वाळून, आकसून येते, चुणी मात्र कापड एका बाजूने रेटलं की. इथे तेच होतं ना, वरचा थर गार होऊन घट्ट झालेला, आतला रस अजून पातळ, पुढे कुठे प्रवाह अडला की मागून रेटा येतो आणि वरचं सगळं गोळा होतं. बासुंदीची साय उलथन्याने कडेला सारून बघा, डिट्टो. त्या थराला सायच म्हणा, तवंग नको, तवंग तेलाचा वगैरे असतो, साय त्याच दुधाची.

कातळवेडा (कळवा):
चुणीला माझं मत. फिंक आणि फ्लेचर या भूशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हेच गणितात मांडलं. साय आतल्या रसापेक्षा बरीच घट्ट हवी, फरक कमी असेल तर चुण्या नीट वाढत नाहीत, थर नुसता दाबून जाड होतो. आणि साय जेवढी जाड तेवढी चुणी रुंद, म्हणून रायोलाइटसारख्या चिकट लाव्हावर चुण्या कित्येक मीटरच्या. अस्थिरतेचा अर्थ एवढाच की बारीकसा उंचवटा विरायच्या ऐवजी वाढत सुटतो. मी तरी 'वाढता डळमळीतपणा' लिहीन, लांब आहे पण सरकार आठवत नाही. अजून एक, मधला प्रवाह कडेपेक्षा जोरात पळतो म्हणून चुण्या कमानीसारख्या वाकतात, फुगवटा ज्या बाजूला त्या बाजूला लाव्हा गेला.

ऐरोलीकर:
मग पारसिकच्या डोंगरात शोधायला जाऊ का?

कातळवेडा (कळवा):
जा, पण आशा कमी ठेवा. खडक दख्खनच्या लाव्हाचाच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण कापलेल्या कड्यात प्रवाहाची बाजू दिसते, माथा नाही, आणि चुण्या माथ्यावर.

ऐरोलीकर:
चुण्या फायनल. फक्त भाचीला चुणी म्हणजे काय ते सांगताना शेवटी 'प्लीट' म्हणावंच लागलं.