फराळाच्या ऑनलाइन मागणी-फॉर्ममध्ये चालू बेरीज दाखवावी का?

चर्चाप्रस्ताव

आमचा घरगुती फराळ दिवाळीत कुरिअरने परगावी आणि थोडाफार परदेशीही जातो. मागणी गूगल फॉर्मवर येते, मग आम्ही रात्री बसून हिशेब करतो आणि ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम कळवतो. रक्कम कळली की 'शेव अर्धा किलो कमी करा, त्याऐवजी अनारसे घाला' असा निरोप हमखास येतो आणि सारे पुन्हा मांडावे लागते. गूगल फॉर्ममध्ये भरता भरता बेरीज दिसण्याची सोय मुळात नाही. ती उत्तरे शीटमध्ये उतरल्यावर सूत्राने करता येते, पण तोवर ग्राहक निघून गेलेला असतो. म्हणून स्वतःच्या संकेतस्थळावर, प्रमाण बदलताच एकूण रक्कम बदलेल असा फॉर्म करून घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

ताई, मी विरोधात आहे, कारण तुमची खरी अडचण फराळाची बेरीज नसून कुरिअरचे शुल्क आहे. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. 40 × 30 × 30 सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमान 36,000 घन सेंटिमीटर होते. त्याला परदेशी पार्सलांसाठी रूढ असलेल्या 5000 ने भागले की 7.2 किलो येतात, मग आत चिवडा चारच किलो का असेना. शिवाय करंज्या फुटू नयेत म्हणून खोके किती मोठे घ्यायचे, हे भरायला बसल्यावरच ठरते. पडद्यावर एकदा दिसलेला आकडा ग्राहक सौदा म्हणून धरून ठेवतो, आणि नंतर वाढीव रक्कम मागताना तोंडघशी तुम्हीच पडता.

प्रतिसाद २

वरील अडचण खरी आहे, पण तिच्यावरून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात, सर्व शुल्कांच्या तपशिलासह सांगावी असे म्हणतात, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली जाहीर केलेल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हीदेखील आहे. खोक्यांचे तीन ठरावीक आकार ठेवा, प्रत्येकाचा विभागवार दर आधीच काढा, आणि दोन-पाच टक्क्यांचा फरक आपणच सोसा. किराणा दुकानदारही पिशवीचे वजन ग्राहकाला दर वेळी सांगत नाही.

प्रतिसाद ३

मी संकेतस्थळे बांधतो, म्हणून कामाचे तेवढे सांगतो. ब्राउझरमध्ये दिसणारी बेरीज ही केवळ दाखवण्यापुरती असते. थोडी माहिती असलेला माणूस ती बदलून पाठवू शकतो, त्यामुळे सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या आपल्या बाजूच्या संगणकावर, हिशेब पुन्हा करावाच लागतो आणि पैसे त्याच आकड्याने घ्यावे लागतात. हिशेब रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवावा, नाहीतर जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी संगणकभाषा) 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 दाखवते. दर मात्र एकाच ठिकाणी असावेत. 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद नमकीनवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, तोही ऐन दिवाळीच्या मागण्या सुरू होण्याच्या वेळी. ज्यांनी दर फॉर्मच्या पोटात लिहून ठेवले होते, त्यांना तो प्रत्येक ठिकाणी शोधून बदलावा लागला असणार.

प्रतिसाद १ (पुन्हा)

म्हणजे एका फॉर्मसाठी सर्व्हर, दरपत्रक आणि बांधणाऱ्याचा वार्षिक खर्च आला. वर्षातून महिनाभर चालणाऱ्या धंद्याला हे परवडते का, एवढेच विचारतो.

चर्चाप्रस्तावक

परवडणारे एवढेच दिसते: यंदा फक्त पदार्थांची बेरीज चालू ठेवायची, तिच्याखाली कुरिअरचे शुल्क 'कमाल इतके' असे लिहायचे, आणि प्रमाण लिहून घेण्याऐवजी पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशी निवड द्यायची. बेरजेची पट्टी फोनच्या वरच्या कडेला हवी, कारण खाली ठेवली की कीबोर्ड उघडताच ती झाकली जाते.