नायकाचा मित्र साच्यातला झालाय. काढून टाकू का?

अर्धामसुदा:
कादंबरीचा दुसरा खर्डा चालू आहे. नायकाला एक मित्र आहे. विनोदी, खादाड, हाकेला धावणारा. बहिणीने २६ प्रकरणं वाचली आणि विचारलं, "हा राहतो कुठे?" मला सांगता येईना. नायक दारात आला की हा दार उघडतो, एवढंच मी लिहिलंय. असे मित्र सिनेमांत ढिगाने पाहिलेत, तिथूनच आला असणार. काढून टाकला तर नायक बोलेल कुणाशी?

विंगेतून:
काढू नका हो! संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे हाच की. मी 'मृच्छकटिका'तला मैत्रेय केलाय. पहिल्या तालमीत वाटलं, नुसतं भरताड पात्र आहे. मग नववा अंक आला. नायक चारुदत्तावर त्याच्या प्रेयसीच्या, वसंतसेनेच्या खुनाचा आळ, आणि मित्राची बाजू घेऊन मैत्रेय भर न्यायालयात खलनायक शकाराच्या अंगावर धावून जातो. त्या झटापटीत त्याच्या काखेतले तिचे दागिने खाली पडतात. झाला पुरावा! मैत्रेय असा चिडला नसता तर चारुदत्ताला मृत्युदंड कदाचित झालाच नसता. (आमच्या पहिल्या प्रयोगात गाठोडं काखेतच अडकलं. मी हात झटकत राहिलो, लोक हसत राहिले.)

खोडरबर:
'शाकुंतला'तला विदूषक माधव्यही बघा. दुसऱ्या अंकात दुष्यंत त्याला राजधानीला धाडतो आणि जाता जाता सांगतो, शकुंतलेचं सगळं मी थट्टेत बोललो. पुढे राजा तिला विसरतो, तेव्हा आठवण करून देणारं जवळ कुणीच नाही. सहाव्या अंकात राजा विचारतो, तू तरी का बोलला नाहीस? हा म्हणतो, थट्टा आहे असं तूच सांगितलंस ना! कालिदासाला हा मित्र अडचणीचा होता, पण त्याने त्याला खोडला नाही, गैरसमज देऊन पाठवला. तुमच्या मित्राला काय ठाऊक आहे, काय नाही?

सातवी_भूमिका:
साच्याची एवढी लाज कशाला? लोककथांचा रशियन अभ्यासक प्रॉप याने १९२८ साली रशियन परीकथांतून सात भूमिका काढल्या, त्यांत मदतनीस आहेच. पण ती भूमिका झाली, माणूस नव्हे. एकच पात्र दोन भूमिका करू शकतं, हेही त्यानेच दाखवलंय. फक्त पत्ता नि घरदार चिकटवून पात्र जिवंत होईल असं समजू नका. मी एकदा अशाच मित्राला आजारी आई दिली. आधी साचा एक होता, मग दोन झाले.

अर्धामसुदा:
आई देणारच होतो! थांबलो.
चौदाव्या प्रकरणात नायक त्याच्याकडे एक पत्र पोचवायला देतो, आणि तो निमूट पोचवतो. काल रात्री ते पान पुन्हा लिहायला घेतलं. आता पत्र तीन दिवस त्याच्या खिशातच आहे. का, ते अजून मलाही कळलेलं नाही. नायक मात्र पहिल्यांदाच त्याच्या घराचा पत्ता शोधत निघालाय.