एका तासात पान उभं राहिलं म्हणजे सीएसएसचा धडा चांगला?

पऱ्हाटी (दिग्रस तालुका)

मूर्तिजापूरच्या भाऊंनी काल लिहिलं की नवशिक्यांसाठीचा सीएसएसचा (वेबपानाचे रंग, आकार, मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा) धडा पारखायला एकच कसोटी पुरे: तासाभरात पूर्ण पान डोळ्यांसमोर उभं राहते का. कॅस्केड (दोन नियम भिडले तर कोणता जिंकतो ते), बॉक्स मॉडेल (चौकटीची जागा कशी मोजली जाते ते) वगैरे "नंतर आपोआप समजते". मी गावात पोरापोरींना हेच शिकवते, आणि हे आपोआप समजणं मी अजून कोणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही. म्हणून सविस्तर उत्तर देते.

तासाभराचा व्हिडिओ पाहून आलेली पोरगी माझ्याकडे तयार पान घेऊन येते, व्हिडिओतलं जसंच्या तसं. त्या व्हिडिओवाल्यानं सुरुवातीलाच "ही ओळ सगळीकडे टाकायची" म्हणून बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लिहून घेतलेलं असते. पॅडिंग, बॉर्डर रुंदीच्या आतच मोजायला लावणारी ही ओळ; पण कशासाठी, ते सांगत नाही. मग ती काकाच्या कृषी केंद्रासाठी नवं पान करायला घेते आणि ती ओळ राहून जाते. रुंदी 300 पिक्सेल लिहिली, पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली जागा) 20, बॉर्डर (किनार) 5, दोन्ही बाजूंनी. चौकट 350 ची झाली, शेजारची चौकट खाली घसरली. आता ती रात्रभर आकडे बदलत बसते. 290 करून पाहते, 270 करून पाहते. शेवटी "मले हे जमत नाही मॅडम" म्हणते. तिला सगळं जमते. धड्यानं तिला दगा दिला.

माझी कसोटी अशी. धडा लिहिणारा मुद्दाम काही मोडून दाखवते का? ब्राउझरचं इन्स्पेक्ट (पानामागचे नियम दाखवणारी खिडकी) उघडून कोणता नियम लागू झाला, कोणता खोडला गेला, हे दाखवते का? एकाच मथळ्याला दोन नियमांनी दोन रंग दिले तर कोणता जिंकेल, हे आधी ओळखायला लावते का? आणि तिथं अडलं की इम्पॉर्टंट (नियम जबरदस्तीनं जिंकवणारा शब्द) लावून मोकळा होत असेल, तर तो धडा मी पुढे पाहतच नाही. पान किती देखणं झालं यावरून धडा चांगला ठरवू नका.

मूर्तिजापूरचा मास्तर

ताई, माझंच नाव घेतलं म्हणून लिहितो. तुमच्याकडे कोण येते मले माहीत नाही. माझ्याकडे येणारे पोट्टे दिवसा जिनिंगवर काम करतात अन् संध्याकाळी क्लासला बसतात. त्याईले पहिल्या दिवशी कोणत्या खुणेवरचा नियम जिंकते, आयडीवरचा का सीएसएसच्या क्लासवरचा, हे शिकवलं तर दुसऱ्या दिवशी थे दिसत नाहीत. वखर हाती न देता मातीचे प्रकार सांगत बसल्यासारखं आहे हे.

एक पोट्टा होता. बारावीत दोनदा राहिला, घरी कोणी धड बोलत नव्हतं. तासाभराच्या व्हिडिओवरून त्यानं मंगल कार्यालयाचं पान केलं, बापाला फोनवर दाखवलं. बापानं ते चार लोकांना दाखवलं. त्या दिवसापासून पोट्टा रोज आला, अन् बॉक्स मॉडेल मग त्यानं स्वतः विचारलं. तुमच्या कसोटीवर तो व्हिडिओ नापास आहे. माझ्यासाठी त्याच्याहून मोठा पास नाही.

झाडीपट्टी (ब्रह्मपुरी, सध्या नागपूर)

दोघेही मूळ गोष्ट सोडून बोलून राहिले. आधी धड्याची तारीख पहा! मुलाखतीला पोरं येतात अन् तीन रकाने करायला फ्लोट (घटक एका बाजूला सरकवणारा नियम) लावतात, खाली त्यानं बिघडलेली मांडणी सावरायला क्लिअरफिक्स. काहून, विचारलं तर "क्लासमध्ये असंच शिकवलं". अरे, फ्लोट होतं चित्राच्या बाजूनं मजकूर वाहावा म्हणून. मांडणीसाठी दुसरं काही नव्हतं तेव्हा लोकांनी ते वापरलं. आडव्या-उभ्या रकान्यांच्या मांडणीसाठीच असलेलं ग्रिड 2017 च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत आलं. इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरचा आधार 2022 मध्ये संपला. तरी आमच्याकडच्या क्लासमध्ये जुन्याच नोट्सच्या झेरॉक्स चालतात. फी मात्र दरवर्षी नवीन. माझ्या भावाचे पैसे असेच गेले, म्हणून चिडून बोलतो.

पऱ्हाटी

झाडीपट्टी भाऊ, तारखेवर जाऊ नका. सीएसएसची पहिली शिफारस, म्हणजे अधिकृत नियमावली, 1996 च्या डिसेंबरची. कॅस्केड, मार्जिन, पॅडिंग तेव्हापासून आहे. एकाखाली एक दोन परिच्छेद, एकाचं खालचं मार्जिन (चौकटीबाहेरची मोकळी जागा) 30, दुसऱ्याचं वरचं 20, तर मधे 50 नाही, 30 च राहते. हे समजावणारा जुना लेख मला या वर्षीच्या चकचकीत व्हिडिओपेक्षा मोलाचा वाटतो. फ्लोटची मांडणी शिकवणारा धडा बाद, हे मान्य. बाकी तुमच्या भावाच्या फीचा राग धड्यांवर काढू नका.

मास्तर, तुमचा पोट्टा टिकला, चांगलं झालं. जे पान मोडल्यावर निघून गेले, ते तुमच्या गोष्टीत येतच नाहीत.

आर्वीची लेक

मी शिकणारी आहे, शिकवणारी नाही, म्हणून आतापर्यंत गप्प होते. ताई, तुमची अर्धी कसोटी माझ्या काही कामाची नाही. "इन्स्पेक्ट उघडा" म्हणता. कुठून उघडू? माझ्याकडे फोन आहे. फोनवरच्या क्रोममध्ये इन्स्पेक्ट नाही. त्यासाठी फोन केबलनं संगणकाला जोडावा लागते, अन् संगणक असता तर फोनवर कशाला शिकली असती? प्रत्येक धड्यात पहिलं वाक्य "आता राइट क्लिक करा". माझ्यासारख्यांना तिथंच बाहेर काढतात.

झाडीपट्टी

बहिणी, खरं सांगतो, फोनवर सीएसएस शिकायच्या भानगडीत पडू नको. जुना लॅपटॉप घे, भेटतात स्वस्तात.

आर्वीची लेक

स्वस्त म्हणजे किती, दादा? आमच्याकडे सोयाबीन विकून आधी उधारी फिटते. तिच्यानंतर माझ्या लॅपटॉपचा नंबर. जुन्याची बॅटरी गेलेली असते, म्हणजे तो लाइनवरच चालवायचा, अन् लाइन आमच्या गावात कधी जाईल सांगता येत नाही. फोन निदान चार्ज राहते. "भानगडीत पडू नको" हे मी घरातही ऐकते, इथं ऐकायला आली नव्हती.

मूर्तिजापूरचा मास्तर

बरोबर बोलली पोरगी. झाडीपट्टी, नागपुरात बसून आर्वीच्या पोरीले लॅपटॉप घे सांगणं सोपं आहे.

अन् फोनवर शिकणाऱ्याले एक गोष्ट लवकर समजते, जी लॅपटॉपवाल्याले महिनोन्‌महिने समजत नाही. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत मांड, असं सांगणारी ओळ) विसरला की फोन पान साधारण 980 पिक्सेल रुंद समजून मांडते अन् मग आकसून दाखवते. अक्षरं मुंगीएवढी. कितीतरी धडे हा टॅग नुसता चिकटवून घेतात, कारण शिकवणाऱ्यानं पान फोनवर कधी उघडूनच पाहिलेलं नसते. आपल्या भागातलं गिऱ्हाईक पान पाहते फोनवरच. म्हणून मी म्हणतो, धडा फोनवर धरून पहा. आडवं सरकवावं लागलं तर नापास.

झाडीपट्टी

मी मदतीच्या भावनेनं बोललो होतो. ज्या कंपनीत काम करायचं तिथं संगणकच असतो, एवढंच म्हणणं होतं. तरी लागलं असेल तर शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

पत्रिकावाला (वरूड)

मी लग्नपत्रिका अन् बॅनरचं काम करतो, हल्ली वेबपानंही. माझी तक्रार वेगळीच आहे. हे सगळे धडे इंग्रजी भराव मजकुरावर उभे आहेत. तिथं ओळीची उंची 1 दिली तरी निभते. आपल्या मजकुरात वरच्या वेलांट्या अन् खालचे उकार शेजारच्या ओळीत घुसतात. ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणारा नियम) असेल तर कापलेही जातात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते. नवरदेवाच्या नावाची शिरोरेषा तुटलेली पत्रिका मी गिऱ्हाइकाले कशी देऊ? अन् पानाची भाषा सांगणाऱ्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये एमआर, म्हणजे मराठी, लिहिलं तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं ल अन् श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मराठीतून बोलणाऱ्या व्हिडिओतही हे मी पाहिलं नाही. भाषा मराठी, उदाहरण सगळं इंग्रजी.

पऱ्हाटी

पत्रिकावाले भाऊ, हे वेगळ्या धाग्यावर लिहाच, इथं हरवून जाईल.

आर्वीच्या ताई, फोनचा मुद्दा मी पूर्ण घेते. पण इन्स्पेक्ट नाही म्हणून मोडकं पान तपासायचं शिकवूच नये, हे मास्तरांच्या बाजूचं अनुमान मी घेणार नाही. फोनवरही करता येते. तारा-चिन्हाच्या (*) सिलेक्टरनं, म्हणजे सगळे घटक निवडणाऱ्या खुणेनं, प्रत्येकाला आउटलाइन (भोवतीची रेघ) 1 पिक्सेल लाल द्या. बॉर्डर देऊ नका. बॉर्डर जागा खाते, आउटलाइन खात नाही, त्यामुळे मांडणी जराही हलत नाही. कोणती चौकट बाहेर गेली ते लगेच दिसते. काम झालं की ओळ काढून टाका.

आर्वीची लेक

आत्ताच करून पाहिलं. माझ्या पानावर आडवं सरकत होतं, त्याचं कारण फोटो निघाला. त्याला मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) 100 टक्के दिलं, सरकणं थांबलं. हे मला एकाही धड्यात भेटलं नव्हतं.

पण ताई, मला राग धरून सांगायचं आहे. मी सुरुवात मास्तरांच्या पद्धतीनंच केली होती. तासाभराचं पान झालं नसतं तर मी तुमच्या कसोटीपर्यंत आलीच नसती.

मूर्तिजापूरचा मास्तर

हेच मी वरून सांगून राहिलो!

पऱ्हाटी

ती टिकली तिच्या चिकाटीनं. व्हिडिओनं तिला आडवं सरकणारं पान देऊन सोडलं होतं, हेही तिनंच लिहिलं आहे, मास्तर.

तुमच्या त्या व्हिडिओची लिंक टाका. मी पूर्ण पाहते, आणि कुठे काय मोडून दाखवता आलं असतं ते मिनिटानिशी लिहिते. तासाचा सव्वा तास होईल फार तर.

मूर्तिजापूरचा मास्तर

टाकतो. सव्वा तासाच्या वर गेलं तर मी वापरणार नाही, आधीच सांगून ठेवतो. अन् ते लाल आउटलाइनवालं उद्याच शिकवतो. ते कामाचं आहे.