वाळवीसाठी भरवशाचा पेस्ट कंट्रोलवाला कसा ओळखायचा?

मदत हवी आहे. तळमजल्यावरचं घर, बेडरूमच्या चौकटीला वाळवी लागलीय. बोटाने दाबलं तर लाकूड पुठ्ठ्यासारखं आत जातं, भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या. नळ्या खरवडून रॉकेल मारलं, बाजारातला स्प्रेही झाला. दहा-बारा दिवसांत शेजारीच नवी नळी हजर.

दोघांना विचारलं. पहिल्याने चौकट न बघताच फोनवर भाव सांगितला. ‘औषध हर्बल आहे, वास नाही’ म्हणे, पण नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याला बाद केलं. दुसरा निदान टॉर्च घेऊन सगळं घर बघून गेला. भिंतीलगत फरशीत भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड (वाळवी मारायचं औषध) सोडणार, पाच वर्षांची गॅरंटी म्हणतो. लेखी द्या म्हटलं की ‘बघू’.

घरात रांगतं बाळ आहे, शिवाय माशांची टाकी. एक दिवस बाहेर राहू शकतो, जास्त नाही. चौकट नंतर बदलणारच आहे.

परवाना मागेनच. पण भोकांमधलं अंतर आणि औषधाचं प्रमाण बरोबर आहे हे समोर उभं राहून कसं तपासायचं? आणि गॅरंटीच्या कागदावर तुम्ही नेमकं काय लिहून घेतलंत, ज्यामुळे वाळवी परत आल्यावर तो माणूसही परत आला?