छावणी हलली तरी पत्र पोचायचं कसं?
प्रश्न असा, अमेरिकन यादवीत (१८६१-६५, उत्तर विरुद्ध दक्षिण) छावणी सतत हलत असताना घरची पत्रं सैनिकाला सापडायची कशी? पत्त्यात मुक्कामाचं गाव लागायचंच नाही! नाव, कंपनी (तुकडी), रेजिमेंट (पलटण), बस्स; पलटण असेल तिथे टपाल जाई. पोटोमॅकच्या सैन्याचं (उत्तरेच्या पूर्वेकडच्या मुख्य फौजेचं) टपाल वॉशिंग्टनमार्फत जाई. उत्तरेत अर्ध्या औंसाला ३ सेंट. सैनिकाच्या खिशातली तिकिटं घामापावसाने चिकटून वाया जात. जुलै १८६१ पासून सैनिकाला ‘सोल्जर्स लेटर’ लिहून बिनतिकिटाचं पत्र धाडता येई, पैसे घरचे भरत. घरून जाणाऱ्या पत्राला मात्र ही सवलत नाही.

मित्र शत्रुपक्षात असला की खरी पंचाईत. फोर्ट्रेस मन्रोमार्गे (व्हर्जिनियातला उत्तरेच्या ताब्यातला किल्ला) एकच पान, पाकीट उघडं, मजकूर निव्वळ घरगुती. आजारपण, बाळंतपण चाले. सैन्याच्या हालचालीबद्दल अक्षर दिसलं की पत्र अडकलंच.